ज्याची त्याची खुर्ची

माझे वडील खुर्च्या बनवायचे, आणि सहा खुर्च्यांचा सेट मागायला कुणी आलं की त्याला दारातच विचारायचे, "तुमच्या घरातली सहाही माणसं एकाच मापाची आहेत का?"

गिऱ्हाईक हसायचं. बाबा हसायचे नाहीत. मग गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानात जायचं, आणि बाबा एखादं संकट टळल्यासारखे पुन्हा रंधा हातात घ्यायचे.

एका माणसाची एक खुर्ची, त्याच्याच मापाची. दुसऱ्या कुणाला ती नीट बसली तर बाबांना ते स्वतःचं अपयश वाटे. एका नव्या जोडप्याने दोघांसाठी बाक मागितला, तेव्हा बाबांनी असा बाक केला की त्याची डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटं खाली होती. जोडपं आधी चिडलं. आता त्यांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. भांडण झालं तरी दोघं आपापल्या बाजूलाच बसतात, कारण दुसऱ्या बाजूला बसवतच नाही.

कामाची खोली एकच होती. एक खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल, भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेल्या पटाश्या, आणि दाराजवळ मापाचं स्टूल. स्टुलाला पाठ नव्हती, हात नव्हते. गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचं आणि टेप बाजूला ठेवून गप्पा मारायच्या, ही बाबांची पद्धत. "पहिली पंधरा मिनिटं माणूस खोटा बसतो," ते म्हणत. "परक्याच्या घरी पाहुणा बसल्यासारखा. त्या मापाची खुर्ची केली तर ती जन्मभर पाहुण्याचीच राहते."

म्हणून ते बोलायचे. घरी दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा हा माणूस गिऱ्हाइकाशी दाढदुखीवर बोलायचा, मेव्हण्यांच्या हट्टीपणावर बोलायचा, विमानात पाय कुठे ठेवावेत यावर बोलायचा. विमानात ते कधी बसलेले नव्हते. बोलता बोलता समोरच्याचे खांदे उतरायचे, पाठ सैल पडायची, एक पाय दुसऱ्यावर चढायचा. बाबा एकदम थांबायचे. "हं, आता आलात," म्हणायचे आणि टेप उचलायचे.

लहानपणी कामाच्या टेबलाखाली भुशात बसून मी हे सगळं ऐकत असे, आणि मला त्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटत असे.

आमच्या घरी दोन स्टुलं होती आणि आईची खुर्ची. आई मी अकरा वर्षांची असताना गेली. तिच्या खुर्चीत तिच्यामागे कुणी बसलं नाही. बसण्यासारखी ती आम्हा दोघांना नव्हतीच. स्टुलांवर बसून आम्ही जेवायचो, मी अभ्यास करायचे, बाबा वर्तमानपत्र वाचायचे. माझं शिक्षण, नोकरी, पुढे माझं वेगळं घर, या सगळ्यात बाबांचं एकच वाक्य असायचं. "तुझं तू बघ. जमेल तुला." मला जमत गेलं. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम मी करते. दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि एकटी राहते, आणि दोन्ही मला आवडतं. माझ्या घरात कोपऱ्यावरच्याच दुकानातून आणलेली घडीची खुर्ची आहे. बाबा एकदा आले, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "बरी आहे." इतकं वाईट त्यांनी कुठल्याच खुर्चीला म्हटलं नव्हतं. मी वाट पाहिली. पुढे ते म्हणतील, "ये एकदा, तुझं माप घेतो." त्यांनी चहा संपवला आणि गेले.

मीही विचारलं नाही. बाप खुर्च्या बनवतो, मुलीच्या घरी खुर्ची नाही, यात विचारायचं काय? त्यांना दिसत नव्हतं?

गेल्या महिन्यात बाबा गेले. झोपेत, कुणालाही न कळवता, म्हणजे त्यांच्या नेहमीच्याच पद्धतीने. खोली भाड्याची होती. शनिवारी किल्ली परत द्यायची होती. मी चार दिवसांची रजा काढली. खोलीच्या शेजारच्या गाळ्यात टेलरमास्तर बसतात. त्यांनी विचारलं, "येऊ का हात लावायला?" मी म्हटलं, "नको, जमेल मला." बाबांच्या खुर्च्यांना वेत विणून देणाऱ्या मावशींचा फोन आला. त्यांनाही तेच सांगितलं.

गुरुवारी मागच्या भिंतीला लागून एका चादरीखाली मला तीन खुर्च्या सापडल्या.

बाबा प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली पटाशीने आकडा कोरत. तोच आकडा वहीत, एका पानावर, पाच मापांसकट. पहिल्या दोन खुर्च्यांवर आकडे होते, वहीत त्यांचे मालक होते. तिसरीवर आकडा नव्हता. उलटी करून, बोटं फिरवून पाहिली. गुळगुळीत. खुर्ची मात्र पूर्ण झालेली होती, पॉलिशसुद्धा वाळलेलं होतं. आणि लाकूड अक्रोडाचं. हे लाकूड बाबा वर्षानुवर्षं टेबलाखाली राखून ठेवत होते. कुणी मागितलं तर म्हणायचे, "ते घरचं आहे."

घरचं. घरात उरलं कोण होतं? मी.

हे मी एकदम मान्य केलं नाही. आधी खिडकी पुसली. पटाश्या कागदात गुंडाळल्या. दुसऱ्यांदा खिडकी पुसली. चाळीस वर्षांची बाई, बापाने आपल्याला खुर्ची केली की नाही यासाठी स्वच्छ खिडकी पुसत उभी आहे, हे कुणी पाहिलं नसतं तरी मला लाज वाटत होती. शेवटी दार लोटून घेतलं आणि बसले.

टाचा जमिनीला टेकेनात. खुर्चीचे हात इतके खाली की कोपर ठेवायला एका बाजूला कलंडावं लागे. पाठीचा वरचा दांडा नको तिथे टोचत होता.

मग मला पंधरा मिनिटं आठवली. असेल, मी खोटी बसले असेन. घड्याळ लावून बसून राहिले. पण गप्पा मारायला समोर कुणी नव्हतं, आणि दाढदुखीवर स्वतःशी किती बोलणार? पंधरा मिनिटं झाली. टाचा लोंबकळतच होत्या.

दारावर थाप न देता मावशी आत आल्या. त्या सत्तरीच्या आहेत, आणि दार म्हणजे आत येण्याची जागा एवढंच त्यांना माहीत.

"माझा वेत राहिलाय इथे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "बसलीस होय? छान. कशी वाटते?"

"मावशी, ही माझी नाही."

"म्हणजे? मीच विणलीये ती. दीड महिन्यापूर्वी आणून दिली तुझ्या बापाने. मी विचारलं, कुणाची रे? तर म्हणतो, एका हट्टी माणसाची. आता तुझ्याहून हट्टी कोण आहे या गावात?"

"बघा ना, पाय टेकत नाहीत."

मावशींनी खाली वाकून माझ्या टाचांखालून हात फिरवला. दोन बोटं सहज गेली. त्यांचा चेहरा पडला. "बाई गं. तुझ्या बापाचं माप कधी चुकलं नाही."

"चुकलं नाहीच. दुसऱ्या कुणाची तरी आहे." आवाज शक्य तितका कोरडा ठेवून मी म्हटलं. मी उठले आणि चादरीची घडी घालायला लागले. ती चादर मी आधीच एकदा घडी करून ठेवली होती.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि दाराबाहेर तोंड काढून हाक मारली, "मास्तर! ओ मास्तर! मशीन सोडा आणि इकडे या!"

"मावशी, कशाला उगीच..."

"तू गप्प बस. आल्यापासून सगळ्यांना 'जमेल मला' सांगत फिरत्येस. काय जमलंय? खिडकी तेवढी चकचकीत दिसते."

टेलरमास्तर आले. उंच माणूस, पण चाळीस वर्षं मशीनवर वाकून कमरेपासून वरचा भाग पुढे झुकलेला. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. बाबांचं आणि त्यांचं तीस वर्षांपूर्वी एका पँटवरून वाजलं होतं. बाबा म्हणाले कमरेत घट्ट झाली, मास्तर म्हणाले पँट तीच आहे, कंबर बदलली. त्यानंतर दोघं रोज एकमेकांच्या दारात उभं राहून चहा प्यायचे. पण बाबांनी त्यांच्याकडून पुन्हा पँट शिवून घेतली नाही, आणि मास्तरांनी बाबांकडून खुर्ची करून घेतली नाही.

"बसा," मावशी म्हणाल्या.

"मी कशाला? माझी नाही ती."

"तुमची आहे असं कोण म्हणतंय? बसून दाखवा."

मास्तरांनी टाचण्या काढून कॉलरला लावल्या, आणि बसले. पाय जमिनीवर सपाट. कोपरं खुर्चीच्या हातांवर आपसूक येऊन विसावली. पुढे झुकलेली पाठ दांड्याला अशी टेकली, की जणू खुर्ची त्यांच्यामागे धावत येऊन थांबली होती. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"अरेच्चा," मास्तर हळूच म्हणाले. "हा माणूस... मला न सांगता?"

त्यांचे डोळे भरून आले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. शेजाऱ्याला अक्रोड, तेही भांडलेल्या शेजाऱ्याला, आणि मला "बरी आहे"! मी वही उचलली. निदान लिहिलेलं तरी असेल.

बाबा वहीत नावं लिहीत नसत. नावाचा खुर्चीला काय उपयोग, म्हणायचे. त्याऐवजी ते माणूस लिहायचे. "दाताचे डॉक्टर. डावीकडे कलतात." "पोस्टातल्या बाई. रागात असताना माप घेऊ नये." "ढोलवाला. मांडी हलवतो, पाय जाड ठेवणे." मी पहिल्यापासून पानं उलटत गेले. शेवटाकडे एका पानावर एकच अक्षर होतं.

"मी."

खाली पाच मापं. पाठ आणि कोपर या दोन ओळींत आधीचे आकडे तीनतीनदा खोडलेले.

"ही बाबांची स्वतःची आहे," मी म्हटलं.

मास्तर पटकन उठायला गेले, पण उठले नाहीत. मावशींनी वही डोळ्यांजवळ धरली. "गुडघा सेहेचाळीस, बरोबर. पाठ एक्केचाळीस? कोपर सतरा? छट्! तो माणूस काठीसारखा सरळ होता. दारातून येताना मान वाकवायचा, पाठ नाही. त्याची पाठ पन्नासच्या खाली असेल का?"

"मग ही मापं कुणाची?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. "त्या स्टुलावर बस. स्वतःची पाठ मोज."

"मास्तर, आत्ता हे..."

"मोज गं पोरी."

मी मापाच्या स्टुलावर बसले. टेपचं एक टोक बैठकीवर दाबलं, दुसरं खांद्यामागे ओढलं.

"वाच आकडा."

"दिसत नाहीये. मागे आहे."

"मग वळून बघ."

मी वळले. टेप सुटला. पुन्हा धरला, मान पिळवटून पाहायला गेले, तशी पाठ वाकली. "चाळीस," मी म्हटलं, आणि म्हणतानाच कळलं. आकडा दिसावा म्हणून मी वाकत होते, आणि वाकले की आकडा खोटा पडत होता. बाबांनी तीनदा खोडलं होतं. तीनदा एकट्याने या स्टुलावर बसून, वाकून, पुन्हा वाकून. माणसाचं माप घेण्यात ज्यांचा हात कुणी धरला नसता, त्यांनी अक्रोडाची खुर्ची एका अशा माणसासाठी केली जो फक्त टेप वाचण्यापुरता जन्माला आला होता.

"आमच्या धंद्यात ही पहिली गोष्ट शिकवतात," मास्तर म्हणाले. "स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. शिंपीसुद्धा दुसऱ्या शिंप्याकडे जातो." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "मी या भिंतीपलीकडे होतो. टेप गळ्यात. एक हाक मारली असती."

"तुम्ही मारली होती का कधी हाक?" मावशींनी विचारलं. "तीस वर्षं दारात उभं राहून खुर्च्या बघत होतात. आत येऊन स्टुलावर बसायला काय झालं होतं?"

"तो म्हणाला असता बस, तर बसलो असतो."

"आणि तो म्हणायचा, ज्याला हवी त्याने येऊन बसावं. मी कुणामागे टेप घेऊन धावणार नाही." मावशींनी कपाळावर हात मारला. "काय पण माणसं! चहा चालतो, बोलायला तेवढं जड जातं."

हे बोलणं मास्तरांपुरतं नव्हतं, हे मला स्टुलावर बसल्या बसल्या कळत होतं.

"पुढचं पान बघितलंस का?" मावशींनी वही माझ्या हातात दिली. "काहीतरी लिहिलंय."

मी पान उलटलं.

"मुलगी."

खाली पाच ओळी, पेन्सिलीने. प्रत्येक आकड्यापुढे प्रश्नचिन्ह. बाबांच्या वहीत मी याआधी प्रश्नचिन्ह पाहिलं नव्हतं.

"गुडघा ४२? जिन्यावर बसून बूट घालत होती तेव्हा. पायरीवरून काढलं."

"पाठ ४५? स्वयंपाकघराच्या दाराला टेकून खाली बसली होती. ती गेल्यावर चौकटीवर खूण केली."

"मांडी ४६? पलंगावर. पुस्तक मध्ये आल्याने नीट दिसलं नाही."

"रुंदी. नंतर."

"कोपर २४? ताठ बसते."

आणि सगळ्यात खाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, थोडं तिरकं: "एकदा येऊन बसली तर बरं."

मी ते मनात वाचलं, मग मावशींनी मागितलं म्हणून मोठ्याने वाचलं. दुसऱ्या वाचनात "पुस्तक मध्ये आल्याने" इथे मला हसू आलं, आणि हसता हसताच रडूही आलं. एकाच वेळी दोन्ही करताना चेहऱ्याचं काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. मावशींनी ती पुन्हा घडी घातलेली चादर पुढे केली. मी तिला नाक पुसलं.

"चोरून मापं घेत होता," मास्तर म्हणाले. "लबाड. रुंदीला मात्र घाबरला."

"बाप होता तो, मूर्ख नव्हता," मावशी म्हणाल्या.

मग मास्तर अवघडून उठले आणि खुर्चीच्या हातावरून हात फिरवत म्हणाले, "ही घरी ने तू. वडिलांची आठवण."

"ती बाबांना बसली नसती आणि मला बसत नाही. तुम्हाला बसते. तुम्हीच न्या."

"मी मागितली नव्हती हं."

"माहीत आहे. म्हणून तर देते आहे."

त्यांनी आणखी एकदा नाही म्हटलं, शोभेल इतपत, आणि परत बसले.

आता माझी पाळी होती. वाक्य साधं होतं. शाळकरी मुलं दिवसातून वीसदा म्हणतात. पण ते म्हणण्याआधी मला खिडकीकडे पाहावं लागलं. ती फारच स्वच्छ होती, तिच्यात मी दिसत होते.

"मावशी," मी म्हटलं, "माझं माप घ्याल?"

"अगं, घेते की! त्यात एवढं काय?" त्या टेप घेऊन आल्याही. "पण खुर्ची करणार कोण?"

"कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मागे एक सुतार आहे ना."

"तो खिळेठोक्या?" दोघं एकदम ओरडले. बाबांनी ठेवलेलं नाव होतं ते.

"त्याला आपण सांगू, खिळा एकही नको. लाकूड मी देईन. टेबलाखाली अजून अक्रोड आहे."

"मी त्याच्या डोक्यावर उभी राहीन," मावशी म्हणाल्या. "वेत माझा."

"गादी लागली तर माझी," मास्तर म्हणाले. "आण ती वही इकडे, आकडे मी लिहितो. सेंटिमीटरमध्ये ना? टेप उलटा करा मावशी, तुम्ही इंचाची बाजू धरलीय."

मावशींनी टेप उलटा केला, पण लावला नाही. कामाच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भाडेकरूच्या कुत्र्याबद्दल सांगायला लागल्या. ते कुत्रं फक्त बँकेतून आलेल्या माणसांवर भुंकतं. मास्तरांनी हे कुत्र्याचं शहाणपण आहे असं मत दिलं. मी म्हटलं, आमच्या कचेरीत एक लेखक येतात, त्यांच्यावर सोडून बघू. मग मास्तरांना ती पँट आठवली, आणि ती खरंच कमरेत घट्ट झाली होती, असं त्यांनी तीस वर्षांनी कबूल केलं. मी इतकी हसले की पाय दुसऱ्यावर कधी चढला ते कळलं नाही.

"हं," मावशी म्हणाल्या, "आता आलीस." आणि टेप माझ्या पाठीला लावला.

गुडघा बेचाळीस. पाठ पंचेचाळीस. मांडी सेहेचाळीस. बाबांच्या पेन्सिलीच्या आकड्यांखाली मास्तर पेनाने तेच आकडे लिहीत गेले, आणि दर वेळी "शाबास" म्हणत गेले. मला नाही, वहीला.

"कोपर," मावशी म्हणाल्या, आणि थांबल्या. "एकवीस."

"इथे चोवीस आहे."

"मग तुझा बाप चुकला."

"चुकले नाहीत," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर मी ताठच बसायचे."

मी नकळत पाठ सरळ केली. मावशींनी खांद्यावर हात ठेवून ती पुन्हा खाली ढकलली.

"एकवीस लिहा, मास्तर," मी सांगितलं.

"लिहिलं. आता रुंदी."

"रुंदी नंतर," मावशी आणि मी एकदमच म्हणालो.